पुढच्या चार गायींची मलाई

शेठजींनी कढईतला खवा खुरचून त्याचा गोळा केला, तराजूवर ठेवला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "बेटा, ये गाय का दूध है कि गाय के नहाने का पानी?"

प्रश्न वैशालीला होता. ती माझ्या शेजारी हातात हेल्मेट धरून उभी होती. रायपूरच्या सदर बाजारातलं मिठाईचं दुकान, सकाळचे दहा, बाहेर स्कूटरवाल्यांचे हॉर्न, आत भट्टीची धग. कारागीर कढया घासत होते, पण कान आमच्याकडे होते.

"शेठजी, एक बूँद पानी नहीं डाला," वैशाली म्हणाली.

"तुमने नहीं डाला, मान लिया. फिर गाय ने डाला होगा."

कारागीर हसले. वैशालीचा चेहरा उतरला. मी काही हसले नाही, पण ते वाक्य लक्षात ठेवलं. पुढे ते जवळजवळ खरंच निघालं.

शेठजींची दूध तपासायची पद्धत जुनी आहे. मशीनवर त्यांचा विश्वास नाही. दहा लिटर दूध मोजून घ्यायचं, समोर आटवायचं, खवा तोलायचा. त्यांचे वडील असंच करायचे म्हणून तेही असंच करतात. वैशालीच्या दहा लिटरला पावणेदोन किलो खवा पडायचा. तीन आठवड्यांपासून तो उतरत चालला होता. त्या दिवशी दीडच्या जरासा वर होता. शिवाय कोरडा. चांगला खवा बोटानं चोळला की बोटाला तूप लागतं. शेठजींनी चोळला, बोट वैशालीसमोर धरलं. काही चमकत नव्हतं.

"होली सिर पर है," ते म्हणाले. "गुझिया में ये खोवा भरूँगा तो लोग मेरे मुँह पर मारेंगे. आठ दिन देता हूँ. फिर मैं दूध कहीं और बाँध लूँगा."

गुझिया म्हणजे होळीच्या खव्याच्या करंज्या, आणि दूध बांधणं म्हणजे रोजचा रतीब ठरवणं. शेठजींनी दूध सोडलं तर दुसरा कोणी हलवाई मिळेल, असं तुम्हाला वाटेल. मिळणार नाही. सदरमधल्या एका हलवायानं 'पाणीवाली' म्हटलं की ते दुपारपर्यंत सगळ्या भट्ट्यांवर पोचतं. वैशालीनं पंडरीतल्या कापडाच्या होलसेलवाल्याकडची कंप्यूटरची नोकरी सोडून नऊ गायी पाळल्या होत्या. नवरा रेल्वेत, महिन्यातले अर्धे दिवस ड्युटीवर बाहेर. गोठा तिचा एकटीचा. तिचं नाव या धंद्यात दोन वर्षांचं होतं आणि तेवढंच तिच्याजवळ होतं.

मी तिथे काहून होते ते सांगते. त्या गायी जो दाणा खातात तो माझा.

मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण बारावी, तेही नागपूरला, फार वर्षांपूर्वी. लग्न होऊन रायपूरला आले, क्वार्टरच्या मागे एक गाय बांधली. एकदा शेजारच्या लग्नातला उरलेला भात तिला मायेनं घातला आणि ती फुगून मरता मरता वाचली. तेव्हापासून जनावराच्या पोटात काय जातं याचा मला नाद लागला. गुरांच्या डॉक्टरांच्या मागे मागे फिरले, पोत्यांवरची लेबलं वाचली, गिरणीवाल्यांना भंडावून सोडलं. आता भनपुरीत माझं छोटंसं गोडाऊन आहे, एक मिक्सर आहे आणि वीस-बावीस गोठे माझा खुराक नेतात. खुराकात आहे काय, तर बहुतेक माणसाच्या ताटातून उरलेलं. आपला भाग धानाचा. तांदूळ माणसं खातात. त्याचा कोंडा, फुटकी कनकी, डाळ मिलची चुनी, सरकीची ढेप हे गायींचं. आणि पैरा, म्हणजे धानाचा पेंढा. नागपूरकडे आपण तणस म्हणतो. माणसाला जे नको त्याचं गाय दूध करते. मला अजूनही याचं नवल वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल. कोंडा दोन प्रकारचा. गिरणीतून ताजा निघतो तो तेलाचा. हातात दाबला की लाडू वळतो, वास असा छान की आपणच खावा. दुसरा तेल काढून घेतलेला, कोरडा. त्याला धंद्यात डीओआरबी म्हणतात. माझ्या खुराकात हा दुसराच जातो. ताजा कोंडा चार दिवसांत खवट होतो, आणि दुसरंही एक कारण आहे, ते ओघानं येईल.

दुकानातून बाहेर पडल्यावर वैशाली स्कूटर काढेना. म्हणाली, "काकू, एक विचारू? राग नका मानू."

"विचार ना."

"तुमच्या खुराकात काही बदललं काय?"

राग आला. पण प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "पह्यले माझंच घर तपासू. मग तुझं."

गोडाऊनवर गेलो. त्याच बॅचची पोती आणखी सहा गोठ्यांत गेली होती. मी सहाही जणांना फोन लावले. कोणाचीच कंप्लेंट नव्हती. एक जण तर म्हणाला, "दीदी, सब बढ़िया है, आप क्यों डरा रही हो?" पोतं उघडलं, वास घेतला, थोडा दाणा जिभेवर ठेवला. माझा नवरा यावर मला फार हसतो, पण खवटपणा जिभेला आधी कळतो. सगळं ठीक होतं.

मग तिच्या गोठ्यावर गेलो. तिथे मी सगळ्यात आधी दुधात लॅक्टोमीटर टाकला. ही काचेची नळी असते. दुधात पाणी असलं की ती जास्त बुडते. नळी जिथे पाहिजे तिथेच उभी होती. म्हणजे पाणी नाही. पण हे शेठजींना सांगून उपयोग नव्हता. साखर, पीठ घालून नळीला फसवणारेही आहेत आणि शेठजींनी ते सगळे पाहिले आहेत.

मग पैरा पाहिला. पैऱ्याची कुट्टी फार बारीक कापली तर गाय चावत नाही, नुसती गिळते, आणि दुधातली मलाई पडते, म्हणजे घटते. कुट्टी बोटाएवढी होती, ठीक होती. मिठाची वीट होती. पाणी साफ होतं. गव्हाणी धुतलेल्या. मला या पोट्टीच्या गोठ्यात कधी बोट दाखवायला जागाच सापडत नाही.

तिच्या सासूबाई, शांताबाई, अंगणात खुर्ची टाकून आमची तपासणी पाहत होत्या. नागपूरच्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या.

"काय सापडलं काय व?"

"अजून नाही."

"मग चहा घे. रिकाम्या पोटी काय सापडन."

चहा घेऊन मी गोठ्यात स्टूल टाकलं आणि बसले. या कामाला काही साधन लागत नाही. नुसतं बसायचं आणि रवंथ मोजायची. दुपारी खाऊन बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असाव्यात. एक घास वर आला की पन्नास-साठ वेळा चावावा. गेटकडून मागच्या भिंतीकडे नऊ गायींची एकच रांग होती. मागच्या पाचांतल्या चार जणी डोळे मिटून मजेत चावत होत्या. पुढच्या चारांपैकी फक्त एक. तीही तीस-बत्तीस वेळा चावून थांबायची, जशी काही तिला कोणी हाक मारली आहे.

मी वैशालीला म्हटलं, "संध्याकाळचं दूध एकत्र नको करू. नऊ बाटल्या भर. प्रत्येकीची वेगळी. चिठ्ठी लाव."

"काकू, गाय बिमार आहे काय?"

"माहीत नाही. म्हणून तर बाटल्या."

दुसऱ्या दिवशी बाटल्या घेऊन दूध संकलन केंद्रावर गेलो. तिथे फॅट मोजायचं मशीन आहे. फॅट म्हणजे शंभर भाग दुधात स्निग्ध किती, सोप्या भाषेत मलाई. तिथला ऑपरेटर ओळखीचा. एक एक बाटली लावत गेला, वैशाली लिहीत गेली. मागच्या पाच गायी: चार, चार पॉइंट एक, तीन पॉइंट नऊ, अशा. पुढच्या चार: अडीच, दोन पॉइंट सहा, अडीच, दोन पॉइंट तीन.

ऑपरेटरनं मशीन पुसलं आणि पुन्हा लावलं. तेच.

"दीदी, ये दो तबेलों का दूध है क्या?"

"एकच आहे," मी म्हटलं. "गेटपासून भिंतीपर्यंत."

आता पुढच्या चार गायी म्हणजे कोणत्या? गोठा ठेवणारा प्रत्येक माणूस आपल्या देखण्या, जास्त दुधाच्या गायी दारात बांधतो. येणाऱ्याच्या डोळ्यांत भरल्या पाहिजेत ना. वैशालीचंही तेच. गोठ्यातलं निम्म्याहून जास्त दूध त्या चौघींचं. त्यांची मलाई पडली की सगळ्या कॅनची पडली.

दाणा तोच, पैरा तोच, पाणी तेच, हात तेच. फरक फक्त जागेचा. मग पुढे असं काय आहे जे मागे नाही?

वैशाली म्हणाली, "ऊन?"

"फेब्रुवारीत?"

परत आलो तेव्हा सुकवारो शेण काढत होती. सुकवारो गोठ्याचं सगळं काम करते, जवळच्याच गावची, कमी बोलणारी. मी सहज तिला विचारलं, "सुकवारो, पुढच्या गायी आणि मागच्या गायी, काही फरक वाटतो का?"

"हव दीदी. आगू के चारों के गोबर पतला हे. महीना भर होगे."

महिनाभर पुढच्या चौघींचं शेण पातळ आहे, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "अगं मग सांगितलं काहून नाही?"

"कोनो पूछिस नइ."

कोणी विचारलंच नाही. बरोबर आहे. दूध शेठजी पाहतात, दाणा मी पाहते, शेण पाहणारीला कोण विचारतं. मी तिला पुढचा प्रश्न विचारला, आणि हा आदल्या दिवशीच विचारायला हवा होता: "त्यांना जास्तीचं कोणी काही देतं का?"

ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "बिहनिया आके देख ले."

सकाळी येऊन बघ.

सकाळी सहाला मी गेटच्या आत माझं स्टूल मांडलं. पुढच्या चौघींचं आटोपून वैशाली तेव्हा मागे दूध काढत असते, त्यामुळे तिला गेट दिसत नाही. गेटवर माप घालायला शांताबाई बसतात. पाऱ्यातल्या बाया, म्हणजे त्या मोहल्ल्यातल्या, डोलच्या घेऊन यायला लागल्या. पहिली आली ती सुनंदा, दोन घरं सोडून राहणारी. एका हातात डोलची, दुसऱ्या हातात डबा. डोलची शांताबाईंसमोर ठेवली, डबा घेऊन सरळ पहिल्या गायीकडे गेली, गव्हाणीत उपडा केला, गायीच्या कपाळाला हात लावला, तो हात आपल्या कपाळाला लावला आणि परत आली.

"काय टाकलं व सुनंदा?"

"जवस, काकू. भाजून, कुटून आणते. ग्रुपवर आलं होतं, जवसानं मलाई वाढते म्हणून."

"कोणाची मलाई?"

"गायीचीच ना. पातळ येऊन राहिलं ना दूध. म्हटलं आपल्या हातानं होईन तेवढं करावं."

तिच्या मागची गावच्या गिरणीतला ताजा कोंडा घेऊन आली होती. लाडू वळेल असा. तिच्या मागचीनं तीळ कुटून आणले होते. एकीनं तुपाचे पराठे आणले होते, रात्रीचे. मी म्हटलं, "बाई, तुम्ही हे रोज करता?"

सुनंदा माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे काय काकू? तुम्हीच तर सांगितलं होतं."

"मी? कधी?"

"हळदीकुंकवाले. 'ज्या गोठ्याचं दूध नेता तिथल्या गायीले एक मूठ आपल्या हातानं द्यावी, जीव लागतो.' टाळ्या नाही का वाजवल्या आम्ही?"

संक्रांतीनंतर वैशालीनं पाऱ्यातल्या सगळ्या बायांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. गोठ्याची ओळख व्हावी, गिऱ्हाईक जोडलं जावं म्हणून. मलाही बोलावलं आणि म्हणाली, काकू दोन शब्द बोला. मला बोल म्हटलं की मी दोन शब्दांवर थांबत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. बोलता बोलता ते मुठीचं वाक्य निघून गेलं. ऐकायला गोड होतं. टाळ्या वाजल्या, मी तिळगूळ खाल्ला आणि विसरून गेले.

बाया विसरल्या नाहीत. आधी मूठ आणली. मग दूध पातळ यायला लागलं, तेव्हा वाटी आणली. मग ग्रुपवर मेसेज फिरले आणि डबे आले. आणि सगळं पुढच्या चौघींना, कारण गेटपासून हात तिथवरच पोचतो.

मी गेटवर एक घमेलं ठेवलं. म्हटलं, "आज सगळ्या जणी यात टाका. मले फक्त पाह्यचं आहे." सव्वा तासात एकतीस बाया येऊन गेल्या. घमेलं दोनदा रिकामं करावं लागलं. वजन केलं तर सव्वाआठ किलो. म्हणजे एकेका गायीच्या वाट्याला रोजचं दोन किलो, आणि त्यातलं बहुतेक तेलकट.

हिशेब झाला असं समजून मी उठले, तर शांताबाई म्हणाल्या, "आणि माझं?"

"तुमचं काय?"

"मी संध्याकाळी त्या चौघींले वाटी वाटी गोडं तेल देते. सून दूध मोजायले गेली की." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "अशी काय पाह्यतं? भाजीत तेल नाही टाकलं तर तवंग येते काय? तिच्या पोटात तेल गेलंच नाही तर मलाई कुठून येईन?"

वैशाली मागून बादली घेऊन येत होती. तिनं हे ऐकलं आणि बादली खाली ठेवली. "आई, तुम्हीही?"

"मग? तुले पाणीवाली म्हणते तो मारवाडी, अन् मी बसून राहू?"



शांताबाईंसारखाच विचार बहुतेक लोक करतात. कढईला तो लागू आहे, गायीला नाही. गायीचं पोट म्हणजे एक मोठा रांजण समजा. त्यात डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. गाय पैरा खाते, रवंथ करते, आणि हे जीव तो पैरा आंबवतात. त्या आंबवण्यातून जे निघतं त्यातून मोठ्या भागानं दुधातली मलाई बनते. म्हणजे मलाई येते पैऱ्यातून. थोडं तेल चालतं. पण कोंड्याचं, जवसाचं, तिळाचं तेल रोज असं ओतलं की ते जीव गांगरतात, पैरा नीट पचत नाही, आणि पोटात असं काहीतरी तयार होतं की जे गायीला मलाई बनवूच देत नाही. वरून गाय डब्यांनीच पोट भरते आणि पैरा कमी खाते. ताजा कोंडा माझ्या मिक्सरमध्ये काहून जात नाही, त्याचं दुसरं कारण हे. मलाई पडली म्हणून तेल, तेल म्हणून आणखी मलाई पडली. एकतीस बाया आणि एक सासू महिनाभर हेच करत होत्या, माझ्या सांगण्यावरून.

आजार सापडला. पण एक अडचण होती. मूठ आज बंद केली तरी मलाई वर यायला दहा-बारा दिवस लागतात. आठांतले तीन दिवस गेले होते. हातात पाच.

वैशाली म्हणाली, "शेठजींना सगळं खरं सांगू."

"काय सांगशील? पाऱ्यातल्या बायांनी प्रेम केलं म्हणून दूध पातळ झालं? दुकानातले कारागीर वर्षभर हसतील."

तिनं रिकाम्या कॅनकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग सांगत नाही. दाखवते. दोन कॅन करू काकू. मागच्या पाचांचा एक, पुढच्या चौघींचा एक. शेठजींनाच बोलावू दूध काढायच्या वेळेला."

हे मला सुचलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती हेल्मेट शोधत होती. स्वतः जाऊन बोलावून आली.

सोमवारी पहाटेच शेठजी आले. पांढरा लेंगा, तोंडात पान, मुद्रा अशी की चोर पकडायला आलो आहे. बादल्या उलट्या करून पाहिल्या. नळापासून गोठा किती लांब आहे ते पावलांनी मोजलं. सुकवारो आणि वैशाली दूध काढत होत्या तोवर दोघींच्या मध्ये उभे राहिले. दोन्ही कॅनची झाकणं त्यांनी स्वतःच्या हातानं लाल नाड्यानं बांधली, गाठी मारल्या, आणि कॅन आपल्याच गाडीत टाकले. आम्ही मागोमाग.

दुकानात दोन कढया चढल्या. दहा लिटर इकडे, दहा लिटर तिकडे. खवा व्हायला वेळ लागतो. वैशाली सगळा वेळ उभी होती. मी बस म्हटलं तरी बसली नाही. मी मात्र बसले, माझे गुडघे मला विचारत नाहीत.

मागच्या पाच गायींचा खवा तोलला. पावणेदोन किलो, भरपूर. बोटाला तूप. पुढच्या चौघींचा तोलला. जेमतेम दीड. कोरडा.

शेठजींनी दोन्ही गोळे शेजारी शेजारी ठेवले. कारागीरही येऊन उभे राहिले. कोणी हसलं नाही.

"तबेला एक?"

"एक," वैशाली म्हणाली.

"दाना एक?"

"दाना एक. आगे वालियों को मोहल्ले ने ऊपर से खिलाया. तेल वाला. अब बंद है."

शेठजींनी पान थुंकून येईपर्यंत वेळ घेतला. मग म्हणाले, "मतलब गाय ने ही डाला."

मी म्हटलं, "हम तो उसी दिन मान गए थे, शेठजी."

ते हसले नाहीत, पण बोलले सरळ. "पीछे वालियों का आज से दो. आगे वालियों का जब सुधरे, तब लाना. कढ़ाई बता देगी."

म्हणजे वैशालीचं नाव राहिलं, पण निम्म्याहून जास्त दूध हातात राहिलं. ते कुठे जाणार? पाऱ्यातच. तिथे शांताबाई अडल्या. "बायांले पातळ दूध द्यायचं? लोक काय म्हणतीन?"

वैशालीनं घरातली जुनी पाटी काढली आणि गेटवर टांगली. खडूनं लिहिलं, मराठीत आणि खाली हिंदीत, कारण पोरीबाळी दूध घ्यायला येतात आणि त्या मराठी बोललेलं समजतात, वाचत नाहीत: 'हे दूध पुढच्या चार गायींचं. फॅट आज अडीच. डबे बंद झाले की वाढेल. मटराची सालं चालतील.'

मटराची सालं माझी भर. हात एकदम रिकामा ठेवायला सांगितलं तर माणसाला वाईट वाटतं. तेव्हा घरोघरी मटर सोलणं चालू होतं. सालं गायीला चांगली, चावून खायची वस्तू. फक्त ती गव्हाणीत नाही, गेटवरच्या ड्रममध्ये टाकायची, आणि सुकवारो ती नऊ जणींत वाटणार.

पहिल्या दिवशी तीन जणी डबे घेऊन आल्याच. चौथ्या दिवशी मी गेले तर सुनंदा गेटवर उभी राहून दुसरीला झापत होती, "वाचता येते ना? तुझ्या पराठ्यापायी आमच्या चहाले मलाई नाही." पातळ दूध आता त्यांच्याच चहात जात होतं, त्यामुळे समजवायला मला एक शब्द बोलावा लागला नाही. वैशाली रोज बाटली घेऊन केंद्रावर जायची आणि आकडा पुसून नवा लिहायची. बाया तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारायच्या. दोन पॉइंट सात. दोन पॉइंट नऊ. मध्येच एक दिवस परत सात. त्या दिवशी शांताबाईंची चौकशी झाली आणि त्यांनी कबूल केलं, "अर्धीच वाटी. सवय तुटता तुटत नाही." तेलाची बरणी त्या दिवसापासून वैशालीच्या कपाटात गेली.

बाराव्या दिवशी तीन पॉइंट आठ. वैशालीनं सगळं दूध एकत्र केलं आणि कॅन सदरला नेला. शेठजींनी आटवलं, तोललं, बोट चोळलं आणि कॅन आत घ्यायला सांगितला. होळीला तीन दिवस होते. होळीच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून वैशालीकडे गुझियांचा डबा आला. त्यात माफीची चिठ्ठी वगैरे नव्हती. खवा चांगला होता.

मी माझ्या वहीत एक नवीन नियम लिहिला. कंप्लेंट आली की आधी शेण काढणारीला विचारायचं, मग मशीनला. आता मी कोणत्याही गोठ्यावर गेले की पहिली तिच्याजवळ जाते. गोठ्याचे मालक खुर्ची घेऊन उभे राहतात आणि त्यांना ते आवडत नाही.

यंदा वैशालीनं परत हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचं एक छोटं माप दिलं, दाणे-डाळी मोजायचं. मग म्हणाली, "काकू, दोन शब्द बोला." मी पदर सारखा करून उभी राहिले. घसा साफ केला. तेवढ्यात शांताबाई उठल्या, आत गेल्या, आणि गेटवरची पाटी अन् खडू आणून माझ्या हातात दिला.

"काय द्यायचं ते मंग सांग," त्या म्हणाल्या. "किती द्यायचं ते पह्यले लिही."

मी लिहिलं, आणि मग बोलले. टाळ्या मागच्या वर्षीपेक्षा कमी वाजल्या.